वाघराजा आणि चर्चची गाढवीण

डोंगरात वाघाचाच शब्द चालायचा, त्या काळातली ही गोष्ट. दुर्जय नावाचा वाघराजा सापळ्यात पंजा चिरडल्यामुळे चर्चच्या मागे तापानं फणफणत पडला होता. दरबारातले कोल्हे केव्हाच पसार झाले होते. लचके तोडायला तरस आले, तेव्हा चर्चची गाढवीण मार्था मधे उभी राहिली आणि तिनं लाथा झाडून त्यांना पळवून लावलं.

“तुझं शिंगरू मी खाल्लं,” दुर्जय म्हणाला. “ठाऊक आहे ना?”

“आहे, महाराज. लाथ तर तुम्हालाच घालायची होती. पण इथे रोज कानावर पडतं, वैऱ्यावर प्रेम करा असं ख्रिस्त सांगून गेला. मारणाऱ्यांनाही त्यानं क्षमा केली. मला फार जड जातं ते.”

दुर्जय विचारात पडला. त्या ख्रिस्ताकडे ना नखं होती, ना फौज. तरी त्याच्या शब्दाखातर ही आई इथे उभी होती. आपल्यापुढे सगळे वाकले ते भीतीनं, आणि पंजा निकामी होताच एकही उरला नाही. त्याला तिच्याकडे बघवेना.

“तुझ्या शिंगराचं नाव काय होतं?” त्यानं खालमानेनं विचारलं.

“शांतवन.”

दुर्जयनं ते नाव हळूच उच्चारलं आणि आपलं डोकं तिच्या खुरांपाशी टेकवलं.