आबांची पिशवी आणि मोटरसायकलची काच

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक मोटरसायकल होती. सगळ्यांनी मिळून घेतलेली, म्हणून सगळ्या गावाची. ती चालवायची सगुणा. मेंढपाळाची ही लेक रोज सकाळी गावची भाजी घेऊन तालुक्याला जायची आणि संध्याकाळी दवाखान्याची औषधं, टपाल, कुणाचं बियाणं, कुणाचा दुरुस्त झालेला चष्मा घेऊन परत यायची. तिचं पोट या कामावर होतं.

तालुका उगवतीला आणि गाव मावळतीला. त्यामुळे जाताना सूर्य तोंडावर, येतानाही तोंडावर. गाडीला समोर एक उंच काच बसवलेली होती. काच म्हणायचं एवढंच, होती ती प्लॅस्टिकची. घाटातला वारा आणि किडे अडवायची, पण जरा काही घासलं की चरा पडायचा. सगुणा तिला जिवापाड जपायची. आधी पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यायची, मग ओल्या मऊ फडक्याने हलकेच पुसायची. कोरडं फडकं तिने कधी लावलं नाही, कारण धुळीवर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे काचेवर वाळू घासणंच. आणि समोर, काचेला लागून, ती एकही पिशवी टांगायची नाही. सगळं ओझं मागच्या दोन थैल्यांत.

या गावात आबा नावाचे पुढारी होते. त्यांचा शब्द मोडायची कुणाची हिंमत नव्हती. त्यांच्या कागदपत्रांची एक चामड्याची पिशवी होती, तिला पितळी बकलं. ती सारखी तालुक्याच्या कचेरीत जायची. एके सकाळी आबांनी पाहिलं, तर पिशवी मागच्या थैलीत, टोमॅटोंच्या शेजारी.

“माझी पिशवी टमाट्यांच्या मांडीला मांडी लावून?” आबा कडाडले. “समोर टांग ती. लोकांना दिसली पाहिजे.”

“समोर टांगली की बक्कल काचेवर घासणार, आबा.”

“एका बकलानं काय आभाळ कोसळतंय?”

“एका दिवसात न्हाई कोसळायचं. पर मी टांगणार न्हाई.”

आजूबाजूच्या चार माणसांनी माना खाली घातल्या. सगुणाने घातली नाही. आबांनी तिथल्या तिथे तिच्याकडून गाडीची किल्ली काढून घेतली आणि आपल्या मेव्हण्याला, सर्जेरावला दिली. त्या दिवसापासून सगुणाच्या घरात भाकरी मोजून खावी लागली. पण मेंढरं घेऊन जाता-येता ती आबांच्या ओट्यासमोरून ताठ चालायची. विनवणी करायला एकदाही थांबली नाही.

सर्जेराव माणूस वाईट नव्हता, पण कुणाला नाही म्हणणं त्याला जमायचं नाही. आबांची पिशवी त्याने समोर टांगली. ते पाहून आणखी दोघांनी आपापल्या पिशव्या समोर टांगायला लावल्या. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला बकलं आणि कड्या काचेवर घासू लागल्या. घरी आल्यावर सर्जेराव आबांच्या ओट्याच्या सावलीत गाडी उभी करायचा आणि खांद्यावरच्या कोरड्या टॉवेलने काच खसाखसा पुसायचा. काच चकाकायची.

“बघा, नुसता आरसा!” आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आणि लोक हो ला हो म्हणायचे. खरं सांगू? मला आबांपेक्षा या हो म्हणणाऱ्यांचाच जास्त राग येतो. काचेवरचे चरे सावलीत दिसत नाहीत. ऊन समोरून आलं की मगच दिसतात. आणि त्या वेळी गाडीवर एकटा सर्जेराव असायचा. तो कशाला बोलतोय!

दोन महिने गेले. एका संध्याकाळी गावाच्या वेशीजवळ सर्जेरावने सगुणाचं कोकरू उडवलं. कोकराचा पाय मोडला. “ऊन डोळ्यांवर आलं गं,” तो काकुळतीने म्हणाला, आणि ते खरंच होतं. सगुणाने कोकरू उचललं. त्याच वेशीजवळ रोज संध्याकाळी गावची पोरं खेळतात हे तिला ठाऊक होतं. ती भयंकर चिडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती वेशीजवळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मोटरसायकल आली. आज मागे आबाही बसले होते. सर्जेरावला ती दिसली नाहीच, तिची आरोळी ऐकून त्याने ब्रेक दाबला.

“बाजूला हो,” आबा म्हणाले.

“न्हाई होत.”

“सगुणे, कुणापुढं उभी हायस?”

“मागं बसून हुकूम सोडणाऱ्या माणसापुढं. आबा, एकदा पुढं बसा. चालवू नका, नुसतं काचेतून बघा. मग मला गावातनं हाकला, नाहीतर काय बी करा.”

आबांना हे आव्हान चुकवता येईना. गाडी बंद करून सर्जेरावने धरून ठेवली आणि आबा पुढे बसले. सूर्य समोरच्या डोंगराला टेकला होता. आबांनी काचेतून पाहिलं.

“रस्त्यावर कोण हाय?” सगुणाने गाडीच्या बाजूला येऊन विचारलं.

आबांनी डोळे बारीक केले. चऱ्यांवर ऊन पडून सगळी काच पांढरीफटक झाली होती. मान वाकडी करून बाजूने पाहिलं असतं तर हार मानल्यासारखं झालं असतं, म्हणून ते तसेच ताठ बसून राहिले.

“कुणी न्हाई,” ते ठासून म्हणाले. “रस्ता मोकळा हाय.”

“मग सांगा सर्जेरावांना, घाला गाडी.”

तेवढ्यात त्या पांढऱ्या उजेडातून, अगदी दहा पावलांवरून, आवाज आला, “आजोबा, मी हाय की इथं! तुम्हाला दिसत न्हाई व्हय?”

ती आबांची नात रेवू होती. रोजच्यासारखी आजोबांची वाट पाहत वेशीत आली होती. आबा गाडीवरून उतरले आणि धावत पुढे गेले. पोरगी दोन्ही हात वर करून हसत उभी होती. त्यांनी तिला उचलून छातीशी धरलं.

तिला कडेवर घेऊनच ते म्हणाले, “सगुणे, हे आधी का न्हाई सांगितलंस?”

“सांगितलं हुतं, आबा. तवा तुम्ही किल्ली काढून घेतलीत.”

सर्जेरावने खिशातून किल्ली काढली आणि कुणी सांगायच्या आत सगुणाच्या हातावर ठेवली. सुटलो, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण सगुणाने गाडी लगेच हलवली नाही. नवी काच बसेपर्यंत मी गाडीवर बसणार नाही, असं तिने आबांना तोंडावर सांगितलं. चार दिवसांत नवी काच आली.

पाचव्या दिवशी सकाळी सगुणा काचेवर पाणी ओतत होती. आबा स्वतः पिशवी घेऊन आले, समोर न थांबता गाडीच्या मागे गेले आणि थैलीत डोकावले.

“हितं टमाट्यांवर ठेवू का?” त्यांनी विचारलं.

“खाली ठेवा, आबा,” सगुणा मागे वळूनही न बघता म्हणाली. “वर ठेवली तर टमाटी चिरडत्यात.”

आबांनी टोमॅटो बाजूला केले आणि पिशवी खाली ठेवली.

तात्पर्य: कुणाचा मान राखण्यासाठी आपल्या नजरेवर चरे पडू देऊ नयेत. समोरचा कितीही मोठा असला तरी त्याला पहिल्याच दिवशी तोंडावर ‘नाही’ म्हणावे.