वाघोरीपल्याड गेलेला दोरा

ती तिथी बेलसोंड गावात अजून सगळ्यांना पाठ आहे. आषाढ वद्य अष्टमी. आभाळ गच्च, वारा पश्चिमेचा, आणि पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता. शक कुठला ते मात्र कुणालाच सांगता येत नाही. आपल्या पणजोबांच्या पणजोबांनीही ही गोष्ट जुनी म्हणूनच ऐकली होती.

त्या काळी वाघोरी नदीला पूल नव्हता. नदीपलीकडे सरळसोट कडा, आणि कड्याच्या पायथ्याशी गवताचं लांबट गायरान. पावसाळ्यात गावचे गुराखी बायकामुलांसकट तिथे राहायला जात. दोन काठांवरच्या दोन झाडांना एक जाड दोर बांधलेला असे. त्या दोराला टांगलेल्या पाळण्यात माणूस बसे आणि काठावरचे लोक त्याला ओढून घेत. पुरानं दोर तोडला, तर बाणाला बारीक दोरा बांधून तो पलीकडे मारायचा. दोऱ्याला सुतळी, सुतळीला दोर, असं करत वाट पुन्हा जोडायची. एवढ्याच कामासाठी गावानं धनुष्य घडवणाऱ्या कमानगराचं एक घर सांभाळलं होतं. रायाजी कमानगर आणि त्याची बायको आवडाई यांचं ते घर.

कमानगराचं धनुष्य बांबूच्या धनुष्यासारखं नसतं. ते आखूड असतं, पण बाण फार लांब टाकतं. मध्ये लाकडाची पट्टी. धरणाऱ्याच्या बाजूला म्हशीच्या शिंगाची पात. बाहेरच्या बाजूला जनावराच्या पाठीतले स्नायू, वाळवून, कुटून, फणीनं केसांसारखे विंचरलेले. हे सगळं सरसानं चिकटवायचं आणि एक अख्खा उन्हाळा खाऊ द्यायचा. दोरी काढली की असं धनुष्य उलटं वळून बसतं, म्हणून नवख्याला त्याचं पोट कुठलं नि पाठ कुठली ते कळत नाही. शिंग आणि लाकूड पुरुषांनी घडवायचं, स्नायू विंचरणं आणि सरस शिजवणं बायकांनी करायचं, असा रिवाज होता. बाईचा हात लागला तर शिंग तडकतं, असं तेव्हा म्हणत.

तर त्या अष्टमीला दोर तुटला. रायाजीनं धनुष्य आणलं. गावचा तिरंदाज धोंडजी नाईक, त्यानं ते कानापर्यंत ओढलं, आणि ओल्या झाडाची साल निघावी तसा स्नायूंचा थर पाठीवरून सुटून आला. दुसरं धनुष्य नव्हतं. दोराचं टोक कमरेला बांधून रायाजी पाण्यात उतरला. लोकांनी दोर ओढून घेतला तेव्हा टोक मोकळंच होतं. चार दिवसांनी पूर ओसरला. पलीकडची माणसं वाचली होती, रायाजी गेला होता.

गाव म्हणालं, शिंग चांगलं होतं, लाकूड चांगलं होतं, सुटला तो सरस. आणि सरस आवडाईचा.

आवडाईनं कुणाशी वाद घातला नाही. तिनं ते मोडकं धनुष्य चिखलातून उचललं, घरी नेलं आणि थर थर सोडवून पाहिलं. सरस सुटला हे खरंच होतं. मधोमध तो खडखडीत होता, पण जिथे धनुष्य जास्त वाकतं तिथे भिजलेल्या कणकेसारखा झाला होता. वरून लाखेचा लेप होता. लाख कडक. धनुष्य वाकलं की ती तडकायची, आणि त्या तड्यांतून ओल आत जायची. उन्हाळ्यात हे कुणाला दिसलं नसतं. धनुष्य लागायचं मात्र पावसातच.

त्या दिवसापासून तिच्या मनात एकच गोष्ट राहिली. दोरासाठी पुन्हा कुणी नदीत उतरता कामा नये.

घरात शिंग घडवणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून शिंगाला तिनंच हात घातला. पाटलांनी निरोप धाडला की हे बरं नाही. तिनं निरोप घेऊन येणाऱ्याला ताक पाजलं आणि परत पाठवलं. लाख तिनं सोडून दिली. शेळीचं पातळ कातडं कमावून, त्याला जवसाचं तेल चोळून ती ते धनुष्याला लपेटू लागली, कारण कातडं धनुष्याबरोबर वाकतं. कातडं शिजवून केलेला आधीचा सरसही तिनं सोडला. वाघोरीतल्या मोठ्या माशांच्या पोटातला फुगा काढून, मंद विस्तवावर शिजवून नवा सरस केला. ज्या नदीनं नवरा नेला तिच्याच माशांचा.

एका धनुष्याला एक वर्ष लागायचं. वर्ष संपलं की आवडाई ते भर श्रावणात पागोळ्यांखाली टांगायची. पहिलं उकललं. दुसऱ्याचं शिंग तडकलं, आणि गावानं माना डोलावल्या. पुढचं पिळवटलं. ती मोडकी धनुष्यं सोडवायची, पाहायची आणि नवं शिंग भिजत घालायची. दमट दिवसांत ती कच्चं धनुष्य गोधडीत घेऊन निजायची, असं म्हणतात. अंगाची ऊब त्याला दिली, म्हणून तिच्या पाठीला कायमचा बाक आला, असंही म्हणतात.

एकदा धोंडजी अंगणाशी थांबला आणि म्हणाला, "वैनी, पुन्हा सरस शिजवतीस? या खेपेला कुणाला बुडवायचं?"

आवडाई फणी चालवतच म्हणाली, "तुझी पाळी नाही भावजी. तू पाण्यात उतरत नाहीस."

धोंडजी त्यानंतर त्या वाटेनं गेला नाही.

मग एका आषाढात वाघोरी अशी चढली की म्हाताऱ्यांनीही तसं पाणी पाहिलं नव्हतं. दोर तुटला. गायरानावर पाणी शिरलं. गुराख्याच्या घरी दिलेली आवडाईची लेक म्हाळसा त्या वर्षी पलीकडेच होती. लोकांनी बांबूच्या धनुष्यांनी बाण मारले, ते सगळे दोऱ्यासकट मध्यात पडले. पलीकडची माणसं कड्याला पाठ लावून उभी होती, पाणी त्यांच्या गुडघ्याला लागलं होतं. दोराचं टोक हातात घेऊन दोन तरणी पोरं पाण्याकडे निघाली.

तेवढ्यात आवडाई पागोळ्यांखाली टिकलेलं धनुष्य घेऊन आली. पोरांना तिनं मागे सारलं.

धोंडजीनं धनुष्य घेतलं आणि घाईत उलट्या बाजूनं दोरी चढवायला लागला. आवडाईनं ते काढून घेतलं, पाठ-पोट ओळखून दोरी चढवली आणि परत त्याच्या हातात दिलं. त्यानं ते तिच्यापुढे धरलं.

"वैनी, हे मी ओढणार नाही," तो म्हणाला. "ते पहिलं माझ्याच हातात सुटलं. पुन्हा तसं झालं तर मी कुठं तोंड दाखवू?"

"मग बाजूला हो," आवडाई म्हणाली. "सुटलं तर माझ्या हातात सुटू दे. सरस माझा आहे."

ती चिखलात बसली. दोन्ही पाय धनुष्याला लावले, दोरी दोन्ही हातांनी धरली, आणि बाकलेली पाठ मागे टाकत टाकत पार आडवी झाली. धनुष्य कुरकुरलं. पाऊस त्याच्यावर ताशा वाजवावा तसा कोसळत होता. बाण सुटला आणि टोपलीतला दोरा भराभरा उलगडत गेला. बाण ज्या वाटेनं गेला तेवढ्या वाटेवर पाऊस थांबला, असं म्हणतात. नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत एक कोरडी रेघ दिसली. बाण पलीकडच्या अर्जुनाच्या झाडात घुसला, नि बाहेर फक्त पिसं राहिली.

म्हाळसानं दोरा धरला. दोऱ्यामागून सुतळी गेली, सुतळीमागून दोर. आधी पोरं आली, मग म्हातारी माणसं, मग बाकीची. पाळणा ओढून धोंडजीच्या तळव्यांची कातडी गेली, तरी त्यानं जागा सोडली नाही. सगळ्यांत शेवटी म्हाळसा आली. सगळी माणसं वाचली. म्हशी मात्र वाहून गेल्या.

आवडाईनं पुढे खूप धनुष्यं केली आणि ज्या बाया शिकायला आल्या त्यांना शिकवलं.

आता वाघोरीवर पूल आहे. तरी बेलसोंडमध्ये म्हैस म्हातारी होऊन मेली की तिची शिंगं आवडाईच्या घराच्या ओट्यावर आणून ठेवतात. नव्या धनुष्याच्या शिंगाला पहिली कानस बाई लावते. आणि दर वर्षी नदी चढायच्या आधी गावातली एक बाई काठावर बसते, धनुष्याला पाय लावते आणि दोरा बांधलेला बाण सोडते. पलीकडे दोर बांधून झाल्याशिवाय त्या दिवशी कुणी जेवत नाही.

यंदा पहिला बाण पाण्यात पडला. दुसरा पलीकडे गेला. ऊन कलायच्या आत दोर बांधून झाला.