सरणाच्या लाकडांची वखार

खैरापुरात तापाची साथ आली, तेव्हा धनपाल शेठने सरणाच्या लाकडांची वखार उघडली आणि गावालाच भागीदार करून घेतलं. रुपयाला रुपया नफा मिळणार होता.

मग गावात विचित्रच प्रकार सुरू झाला. शेजारी रोज आजाऱ्यांच्या दारात येत, आत डोकावत आणि आजारी माणूस जरा उठून बसलेला दिसला की तोंड पाडून परत जात.

फक्त येसू सुईणीने वखारीत पैसे घातले नव्हते. गावाच्या भरसभेत शेठ तिला हसला. “येसूबाई, पैसा कशात घातला याने काय फरक पडतो?”

बोलता बोलता त्याला जोराचा ठसका लागला. त्याचा श्वास कोंडला, डोळे पांढरे झाले. पण कुणीच जागचं हललं नाही. सगळे भागीदार त्याच्याकडे टक लावून बघत राहिले.

येसूने धावत जाऊन त्याला पाणी पाजलं.

“फरक एवढाच पडतो, शेठ,” ती म्हणाली. “तुमच्या मरणात नफा नसलेली या सभेत मी एकटीच होते, म्हणून तुम्हाला पाणी मिळालं.”

शेठने सभेकडे पाहिलं. ते डोळे अजून त्याच्यावरच होते. उठायच्या आधी त्याने प्रत्येकाचा पैसा परत केला.