गेनूचं कन्सिस्टंट लग्न

आंबेदऱ्यात शहाण्यांची वानवा कधीच नव्हती. भोळा मात्र एकच होता, गेनू. वय एकतीस, लग्न व्हायचं होतं. त्याला करायचंही होतं, अगदी मनापासून. पण पहिल्या स्थळी त्यानं वय अठ्ठावीस सांगितलं आणि पोहे खाऊन झाल्यावर एकतीस. स्थळ मोडलं.

पारूवहिनी त्याला कुलथे मास्तरांकडे घेऊन गेली. मास्तर निवृत्त झाले होते, त्यांचं इंग्रजी झालं नव्हतं.

"गेनू, माणूस कसा कन्सिस्टंट हवा!"

"म्हणजे कसा?"

"आधी एक, नंतर दुसरं, असं नाही. एकदा बोललास की शेवटपर्यंत तेच."

गेनूनं हे गाठीला बांधलं. दुसऱ्या स्थळी यजमानांनी विचारलं, "आणखी पोहे?"

रीतीप्रमाणे गेनू म्हणाला, "नको."

"चहा तरी?"

"नको."

"बरं, मुलगी पसंत आहे का?"

"नको."

मुलगी चहाचा ट्रे तिथंच ठेवून आत निघून गेली.

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अरे, प्रश्न बदलला की उत्तर बदलतं! बोलणं आणि वागणं जुळलं पाहिजे. जे म्हणशील ते करून दाखवायचं. त्याला म्हणतात कन्सिस्टंट."

"मग आधी का नाही सांगितलंत?" गेनू म्हणाला. त्याचंही बरोबर होतं.

तिसऱ्या स्थळी सगळं छान पार पडलं. निघताना गेनूनं हात जोडले, "येतो." कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत आला.

"काही राहिलं का?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"नाही. येतो म्हणालो होतो, आलो."

मग पुन्हा निघाला, पुन्हा म्हणाला, "येतो." चौथ्या खेपेला त्यांनी दाराला आतून कडी घातली.

मास्तर आता टेकीला आले होते. "शेवटचं सांगतो. दोन गोष्टी एकमेकींना खोटं पाडत असतील, तर दोन्ही धरून बसू नये. जी पक्की ती धर, दुसरी सोड. समजलं?"

गेनूला समजलं. तिथंच घात झाला.

चौथं स्थळ हौसाचं. तिनं कडी घातल्याची हकिगत ऐकली होती आणि पोट धरून हसली होती. "खोटं तर बोलत नाही ना? मग मला चालेल," ती म्हणाली. पत्रिका छापल्या. वर गणपती, खाली मुहूर्त, दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटं.

आता पत्रिकेतल्या मुहूर्तावर लग्न लागलेलं आमच्या भागात कुणी पाहिलेलं नाही. गेनू घोड्यावर, पुढे बँड, बँडपुढे सगळे मामा नाचतायत. बारा पस्तीस झाले. पाऊण झाला. एक वाजला.

गेनू विचारात पडला. पत्रिका म्हणते, बारा पस्तीसला लग्न लागलं. इथं बघावं तर लागलेलं नाही. दोन्ही खरं असायचं नाही. त्यातून पत्रिका छापील, वर गणपती. म्हणजे लग्न लागलेलं आहे.

त्यानं घोडा घराकडे वळवला. घोडेवाला तंबाखू मळत होता, त्यानं काही विचारलं नाही. मामालोक आणखी अर्धा तास रिकाम्या रस्त्यापुढे नाचले. मग शोधाशोध सुरू झाली. देवळात पाहिलं, एसटी स्टँडवर पाहिलं. नवरदेवाला घरी कोण शोधणार?

मांडवात हौसा हार धरून उभी होती. अडीच वाजता तिच्या बापानं तो हार तिच्या हातातून काढून घेतला आणि आपली माणसं टेम्पोत भरून परत नेली. पोरगी फार रडली. तिला तो खरंच आवडला होता, मला अजून वाईट वाटतं.

पारूवहिनी धापा टाकत घरी पोचली. गेनू मुंडावळ्यांसकट दारात बसला होता. उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलेलं.

"भावजी! इथं काय करताय हो तुम्ही?"

"हळू बोला वहिनी," गेनू तोंड पाडून म्हणाला. "लग्न होऊन दोन तास झाले, अन् ही अजून माप ओलांडायला आली नाही. पहिल्याच दिवशी ही तऱ्हा! सांगा, अशा बाईबरोबर मी संसार कसा करायचा?"