हाकेचा खडक

तो पाण्यात काळा दिसतोय ना, तो हाकेचा खडक. ओहोटी आहे म्हणून दिसतोय. भरतीला त्याच्यावरून होडी जाईल इतकं पाणी चढतं. फोटो काढा सावकाश, पण आधी माझं ऐका.

फार जुनी गोष्ट, आगबोटी नव्हत्या तेव्हाची. असं सांगतात, बाहेर समुद्रात कुठल्याशा मुलखाचं गलबत फुटलं आणि सकाळी एक बाई एकटीच पोहत या किनाऱ्याला लागली. आमच्या घराण्याचा मूळ पुरुष धाकलू तांडेल. त्यानं तिला हात देऊन वर घेतलं. बाई सारखी समुद्राकडे बोट करी आणि 'एलुमा, एलुमा' असं ओरडे. मराठी नाही, कानडी नाही, बंदरावर अरबांची भाषा कानावर पडायची, तीही नाही. सगळ्यांना वाटलं, आपल्या बुडालेल्या माणसांसाठी रडतेय बिचारी.

आमच्याकडे रीत अशी, की आल्यागेल्याला आधी दोन घास घालायचे, मग चौकशी. बाई पुन्हा पाण्याकडे धावली तेव्हा धाकलूनं तिला अडवलं. जीव देईल म्हणाला. त्याची बायको नागी, तिनं तिला घरात नेलं, कोरडं लुगडं नेसवलं, पेज पुढे ठेवली. बाई वाडगा ढकलून देई, नागी परत पुढे करी. माया हो, दुसरं काय? त्या मायेनंच घात केला.

थोड्या वेळानं नागीचं लक्ष गेलं. नुकतंच नेसवलेलं लुगडं छातीपाशी ओलं झालं होतं. दुधानं.

"अहो, हिचं तान्हं आहे तिकडे!" नागी म्हणाली.

होड्या सुटल्या, पण भरती चढली होती आणि खडक दिसत नव्हता. पुढल्या ओहोटीला कपारीत तिच्या वस्त्राची गाठ तेवढी सापडली. लेकरू घसरू नये म्हणून मारलेली असणार. एका हातानं पोहणं झालं नसतं, म्हणून लेकराला खडकावर ठेवून मदत आणायला आली होती ती.

बाई मरेपर्यंत इथेच राहिली, नागीनंच तिला सांभाळलं. आमची बोली मात्र ती शिकली नाही. कुणी शिकवायला गेलं की तोंड फिरवायची म्हणे. तिनं आम्हाला माफ केलं असेल असं मला तरी वाटत नाही.

आजही सर्वपित्रीला आम्ही त्या लेकराचं पान वाढतो आणि खडकाकडे तोंड करून 'एलुमा' अशी हाक मारतो. पण ते त्याचं नाव होतं की 'धावा' असं म्हणत होती, कोण सांगणार? म्हणून परमुलखातला माणूस आला की त्याला हा शब्द विचारायचा, अशी गावाची रीत पडली. रशियन झाले, जपानी झाले, आफ्रिकेतले झाले; ऐकतात आणि नाही म्हणून मान हलवतात. तुमच्याबरोबर या पाहुण्या आल्यात, त्या कुठल्या? त्यांनाही विचारून बघा ना. नावानिशी वाढल्याशिवाय पान पोचत नाही, असं आमच्यात मानतात. ते लेकरू इतक्या पिढ्या उपाशी तर राहिलं नाही ना, एवढं मला मरायच्या आधी कळायला हवं.