पारावरचा नारळ

नदीला अजून कोणी नाव दिलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. साळिंदर तापाने अंथरुणाला खिळलं. घरात खायला दाणा नव्हता. वस्तीने ठरवलं, पारावर वनदेवीपुढे ठेवलेल्या नारळाचा लिलाव करायचा आणि बोलीत जे येईल ते साळिंदराकडे पोचवायचं. आवाज खणखणीत म्हणून पुकारायला टिटवीला उभं केलं.

अस्वलाने पोळंभर मधाची बोली लावली.

"एक वार, दोन वार, तीन वार," टिटवी म्हणाली. "घ्या नारळ, अस्वलदादा."

"मला कशाला? पुन्हा लावा बोली," म्हणत अस्वल मध आणायला गेलं.

मोराने टोपलीभर नाचणी दिली आणि नारळ पारावर परत ठेवला. घोरपडीनेही तेच केलं. दुपार टळली, टिटवीचा घसा बसला, तरी नारळ जागचा हलेना.

"अहो, हा लिलाव आहे की थट्टा?" टिटवी चिडली. "न्यायचाच नाही तर बोली लावता कशाला? माझी पिल्लं घरी एकटी आहेत. कोणीतरी हा उचला आणि मला मोकळी करा."

कोणी उठेना.

"मग मीच घेते आणि संपवते एकदाचं," ती करवादली. "साळिंदर बरं होईपर्यंत त्याच्या दारात पिल्लांसकट पहारा देईन. एक वार, दोन वार, तीन वार. झाला माझा."

सगळे उठून निघाले. टिटवीने नारळ घरी न्यायला पायाने लोटला. दोन पावलांवर ती थांबली, पुटपुटली आणि त्याला लोटत परत पारापाशी घेऊन आली.

"बसा खाली सगळे," ती वैतागून म्हणाली. "एक वार."