तानकीची न संपणारी खेळी

वज्रसेन राजाने हैबती दवंडीवाल्याची हलगी काढून घेतली आणि त्याला मिळणारं धान्यही बंद केलं. कारण काय, तर राजाच्या खेळाच्या पोथीत तसं होतं म्हणे!

खेळाचं नाव सोंगडाव. कापडावर रानं, नद्या, गुहा रंगवायच्या. कोणी मांत्रिक व्हायचं, कोणी तलवारबहाद्दर. राक्षस मात्र नेहमी राजाच. पोथीत एक नियम होता: एका खेळीत एकच काम करावं; बोलणं हे काम धरू नये, त्याला वेळ लागत नाही. लिहिणाऱ्याला एवढंच म्हणायचं असेल, की गड्याला 'पळ रे' म्हणून ओरडता यावं. पण दरबारातल्या भार्गवशास्त्र्यांना इतकं साधं कुठलं रुचायला? ते मांत्रिक होत आणि एकाच खेळीत अख्खं स्तोत्र म्हणत, वर शत्रूचा कुळासकट उद्धार करत. राक्षस आपला तोंड वासून उभा. शास्त्री रोज जिंकत आणि राजा पोथीला रोज नमस्कार करी.

त्यातून हलगीने शास्त्रीबुवांची दुपारची झोप मोडायची. त्यांनी राजाच्या कानी घातलं, की बोलणं हे कामच नाही, मग दवंडीवाल्याला धान्य कशाचं? हलगी बडवतो म्हणाल, तर ते बोलण्याआधीचं खाकरणं. राजाने मान डोलावली. चूल थंडावली ती हैबतीची.

हैबतीची लेक तानकी दरबारात आली. बापाची हलगी परत द्या, म्हणाली. राजा हट्टाला पेटला. "डावात माझ्या राक्षसाच्या हातून जिवंत सूट, मग देतो."

शास्त्र्यांनी तिला सोंग दिलं ते शेण वेचणाऱ्या बाईचं. ना तलवार, ना मंत्र. पुलावर राक्षस. तिची खेळी संपली की त्याची गदा पडणार. राजाने लाकडी राक्षस उचलून तिच्या सोंगटीवर धरला. खेळी संपेपर्यंत तो तसाच धरायचा, अशी रीत होती.

"आता करतेस काय, पोरी?" शास्त्री मिशीत हसले.

"काम नंतर करीन. आधी जरा बोलते."

आणि तानकीने बापासारखी दवंडी सुरू केली. कोणाची म्हैस कोणाच्या हरभऱ्यात शिरली, कुठल्या विहिरीचा रहाट मोडला, सोनाराच्या सुनेचं माहेर कुठलं, तिथल्या वांग्यांना काटे किती आणि चव कशी. एक गाव संपलं की दुसरं. आत मुदपाकखान्यात पानं वाढली गेली. आमटी निवली, साय धरली. आचारी दारात येऊन दोनदा खाकरून गेला. राजाचा हात भरून आला, त्याने तो दुसऱ्या हाताने पेलला. शास्त्र्यांच्या पोटात तर मांजरं भांडू लागली. ते हळूच उठायला गेले, तर राजाच म्हणाला, "बसा. खेळी संपल्याशिवाय उठायचं नाही. पोथीतलं तुम्हीच सांगता."

तानकी आता पलीकडच्या गावच्या गुरवाच्या गाईवर आली होती.

शेवटी शास्त्र्यांनी मांडीवर हात आपटला. "पुरे कर, कार्टे! किती वेळ घेतेस?"

तानकी थांबली. "वेळ? कुठला वेळ, शास्त्रीबुवा?"

तिने पोथीकडे बोट दाखवलं.

"बोलायला वेळ लागत नसेल, तर आमटी अजून गरम असणार, महाराजांचा हात दुखत नसणार, आणि मला संक्रांतीपर्यंत बोलू द्या. राक्षस काही मला मारत नाही. आणि वेळ लागत असेल, तर ते काम झालं. मग माझ्या बापाने जन्मभर कामच केलंय. त्याची हलगी आणा. दोन्हीतलं कुठलं, ते पोथीत बघून सांगा. तोवर मी बोलत बसते."

शास्त्र्यांनी पोथी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. राजाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि असा खदखदून हसला, की राक्षस हातातून निसटून थेट शास्त्र्यांच्या पागोट्यावर आदळला.

"वेळ लागतो!" राजा दंड चोळत म्हणाला. "माझ्या हाताला विचारा!"

हैबतीची हलगी त्याच दिवशी परत गेली, अडवलेल्या धान्याची पोती गाडीत घालून. नियम बदलल्याची पहिली दवंडी हैबतीनेच द्यायची ठरली, भर दुपारी, शास्त्रीबुवांच्या खिडकीखाली. आणि तानकीसाठी राजाने आमटी पुन्हा गरम करायला लावली.